समोरच्याच्या लाइटनं डोळे दिपतात, म्हणून आपणही एलईडी टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जांबोटीहून बेळगावच्या उद्यमबागेत सेकंड शिफ्टला येता, रात्री अकराच्या पुढे एकटेच परत जाता. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, लाइट कंपनीचेच, हॅलोजनचे. पिरनवाडी सोडली की चोर्ला घाटाकडून येणाऱ्या गाड्यांच्या पांढऱ्या लाइटनं डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ती गाडी निघून गेल्यावरही स्वतःच्या लाइटमध्ये रस्ता नीट दिसत नाही. दुकानदार म्हणतो १२० वॉटची एलईडी टाका. मित्र म्हणतो १००/९० चे बल्ब टाका. यातलं काय बसवू, पोलीस पकडतील का, आणि वय ५२ म्हटल्यावर डोळ्यांचाच दोष तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पावसाळा संपला की हीच तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी दुकानात येतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तुमच्या लिहिण्यात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्यात. समोरच्याचा उजेड तुमच्या डोळ्यात जातो, ही एक. तुमचा उजेड तुमच्या रस्त्यावर पडत नाही, ही दुसरी. पहिलीवर तुमच्या हातात थोडं आहे. दुसरीवर जवळजवळ सगळं तुमच्याच हातात आहे, आणि त्यासाठी बल्बचे वॉट वाढवायची गरज बहुतेक पडत नाही. तुमच्या गाडीत आत्ता जो उजेड तयार होतो, तो पूर्ण तयार होतोय का आणि जिथं पडायला हवा तिथं पडतोय का, एवढंच आधी बघायचं. गाडी समोर नसताना मी खात्रीनं सांगू शकत नाही, कारण काच किती पिवळी झालीय, वायरिंगला पूर्वी कोणी हात लावलाय का, पुढच्या धडकेत हेडलाइट बदललीय का, यावर बरंच अवलंबून आहे. पण दहा-बारा वर्षांच्या गाडीत काय काय निघतं याचा अंदाज आहे.

आधी बल्ब समजून घ्या, म्हणजे एलईडीचं उत्तर आपोआप मिळेल. तुमच्या गाडीत बहुधा एच-फोर बल्ब आहे, मागे तीन पिना असलेला, ६०/५५ वॉटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिप्परला ५५. तो काढून हातात धरा (काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं काच तापून बल्ब लवकर जातो). आत दोन फिलामेंट दिसतील. टोकाकडच्या फिलामेंटच्या खाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, साधारण नखाएवढी. ते डिप्परचं फिलामेंट. वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे डिप्परवर रिफ्लेक्टरचा, म्हणजे हेडलाइटमधल्या चंदेरी वाडग्याचा, फक्त वरचा भाग कामाला लागतो, आणि तिथून परतलेला झोत खाली रस्त्याकडे वळतो. मागच्या फिलामेंटला वाटी नाही. ते अप्परचं, त्याचा उजेड सगळ्या रिफ्लेक्टरवर पडून सरळ लांब जातो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक या दोन फिलामेंटच्या जागा धरून काढलेला असतो. ती जागा मिलिमीटरभर हलली तरी समोरच्या झोताचा आकार बदलतो.

आता त्याच होल्डरमध्ये एलईडी घातली की उजेड निघतो तो पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिपमधून. फिलामेंट बारीक तारेचं आणि चहूबाजूंनी उजळणारं, चिप चपटी आणि एका बाजूला उजळणारी. काही चांगल्या एलईडींत चिपखाली वाटी दिलेली असते आणि चिप फिलामेंटच्या जागी आणायचा प्रयत्न केलेला असतो, त्या त्यातल्या त्यात बऱ्या. पण बाजारात जास्त करून जे येतं त्यात डिप्परवर सुद्धा उजेड वर पसरतो. चालवणाऱ्याला ते कळत नाही. त्याला दिसतं की बंपरच्या पुढचे पंधरा-वीस मीटर एकदम लख्ख झाले, झाडांचे शेंडेही उजळले, म्हणजे लाइट भारी झाली. प्रत्यक्षात चुलीसमोर बसलेल्याला अंगणातलं दिसत नाही, तसं होतं. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आवळते आणि पुढच्या वळणावर उभी असलेली म्हैस दिसायला उशीर होतो. शेंड्यांवर गेलेला तो उजेडच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो. म्हणजे ज्यांच्यामुळे तुम्ही वैतागलाय, त्यांच्यातले बरेच जण मुद्दाम त्रास देत नाहीत. त्यांनीही कुठल्या तरी दुकानात तुमच्यासारखाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांना तेच उत्तर मिळालं.

खोक्यावरच्या १२० वॉटचंही फार मनावर घेऊ नका. क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजायचा) लावला की बहुतेक जोड्या त्याच्या निम्म्याच्याही खाली ओढताना दिसतात, आणि दहा मिनिटांनी चिप तापली की आणखी उतरतात. प्रमाणित एच-फोर बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला अप्परवर १६५० आणि डिप्परवर १००० ल्युमेन (उजेडाचं माप) धरलेला असतो. तेवढा खरोखर मिळाला आणि नीट पडला, तर साठ-पासष्टच्या वेगाला तो पुरतो.

कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, हे सांगायला हवं. तिथं चिप, लेन्स, रिफ्लेक्टर सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं आणि झोताला वरून सुरीनं कापल्यासारखी रेघ असते. अशा गाड्याही डोळ्यात येतात, पण त्याचं कारण बहुतेक वेळा उंची, चढ किंवा मागे भरलेला माल असतं. त्यावर पुढे येतोच.

१००/९० च्या बल्बला माझा विरोध जास्त सरळ आहे. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतो, १०० वॉटचा ८ च्या वर. दोन बल्ब मिळून अप्परवर १० च्या जागी जवळजवळ १७ अँपिअर. तुमच्या गाडीची तार, स्विचचे पॉइंट आणि होल्डर हे १० च्या हिशोबानं दिलेले. असे बल्ब टाकून वर्ष-सहा महिने फिरलेली गाडी आली की होल्डर ओढतानाच समजतं. प्लास्टिक पिनांभोवती तपकिरी होऊन भाजलेल्या पापडासारखं तुटून हातात येतं, पिना निळसर पडलेल्या असतात, आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी थर बल्बच्या वरच्या बाजूला धुरकटलेला असतो. हा थर एकदा गेला की कुठलाही बल्ब टाका, उजेड यायचा नाही. मग पूर्ण हेडलाइट बदलावी लागते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की लाइटपासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही अशा बेतानं झोत खाली वळलेला असला पाहिजे, किंवा चालकाला तो तसा खाली घेता आला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. कर्नाटकात जुलै २०२४ पासून पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडी लाइटांविरुद्ध खास मोहीम काढली, त्यात १७७ व्या कलमाखाली केसेस झाल्या. रोज कोणी अडवतं असं नाही, पण अडवलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. बंपरवर लावतात ते एलईडी बार तर रस्त्यावर पेटवायचे नसतातच.

एवढ्यावरून एलईडीही नको आणि १००/९० ही नको, हे झालं. मग करायचं काय, तर ज्या क्रमानं मी गाडी बघतो त्याच क्रमानं सांगतो. यातलं निम्मं तुम्ही घरी करू शकता.

पहिली काच, आणि ती सुद्धा समोरची मोठी काच, आतल्या बाजूनं. बाहेरून सगळेच पुसतात. उन्हात गाडी तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफ निघून काचेवर आतून एक पातळ तेलकट थर बसतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरून लाइट आली की सगळी काच दुधासारखी पांढरी होते, आणि आपल्याला वाटतं समोरच्याची लाइटच तेवढी तेज आहे. काचेवर बोट फिरवून बघा, बोटाची रेघ स्पष्ट उठली तर थर आहे. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून एकदा, मग साध्या पाण्यानं, मग कोरड्या कागदानं. दोनदा करा, एकदा केल्यावर उरतोच. वायपरचं रबर कडक झालं असेल तर काचेवर कमानीसारखे ओरखडे पडतात, त्यांतही उजेड फुटतो. रबर बदला. ओरखडे खोल असतील तर तेवढ्यासाठी काच बदला असं मी म्हणणार नाही, पण तुमचा अर्धा त्रास तिथून आहे हे माहीत असलेलं बरं.

दुसरी हेडलाइटची काच. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, वर उन्हापासून वाचवणारा लेप. सात-आठ वर्षं गाडी उन्हात उभी राहिली की लेप जातो, पृष्ठभाग पिवळा आणि खरखरीत होतो. त्यातून उजेड कमी निघतो आणि जो निघतो तो फुटून चारी दिशांना जातो, म्हणजे तुम्हाला कमी आणि समोरच्याला जास्त. टूथपेस्ट लावून घासायचे व्हिडिओ बघितले असतील. त्यानं महिनाभर चमकतं. नीट काम म्हणजे पाण्यात भिजवलेला ८०० नंबरचा कागद, मग १५००, मग २०००, मग पॉलिश आणि शेवटी उन्हाला टिकणारा क्लिअर कोट. हा शेवटचा हात न मारता कोणी देत असेल तर पैसे देऊ नका, वर्षाच्या आत परत पिवळं होतं.

तिसरं व्होल्टेज. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या गाड्यांत खरा चोर इथं सापडतो आणि याच्याकडे कोणी बघत नाही. तुमच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत लाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. बॅटरीतून बारीक तार आत, स्विचमधून परत बाहेर, मग फ्यूज, मग होल्डर, आणि शेवटी बॉडीला अर्थ, म्हणजे करंट परत जायची जोडणी. प्रत्येक जोडाला थोडं थोडं व्होल्टेज गळतं. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून, आधी बॅटरीवर मीटर लावा: १३.८ ते १४.२ आलं म्हणजे चार्जिंग ठीक. मग होल्डरच्या मागून पिनेला मीटर लावा, बल्ब जोडलेलाच असू द्या, काढून मोजलं तर मीटर खोटं बोलतं. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.२, असं निघालं तर कोणी म्हणेल दीड व्होल्ट गेला, त्यात काय एवढं. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साध्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ घाताच्या हिशोबानं कमी होतो. १३.८ चे १२.२ झाले की उजेड एक तृतीयांश गेला. बल्ब तोच, बिल तेच, आणि तिसरा हिस्सा उजेड तारेतच संपला. लाइट पिवळी, मरगळलेली वाटते ती यामुळे.

उपाय रिले किट. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून फ्यूज घालून थेट जाड तार होल्डरपर्यंत, आणि जुनी तार फक्त रिलेला इशारा देण्यापुरती. स्विचवरचा भार उतरतो, तेही टिकतं. होल्डर सिरॅमिकचे घ्या. आणि अर्थ नवीन करा, जुन्याच स्क्रूला नवी तार बांधून नव्हे, पत्रा घासून चकचकीत करून. तुमच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या पावसात अर्थचे स्क्रू किती गंजतात ते तुम्हाला मी काय सांगायचं. हे झाल्यावर चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५ चा बल्ब टाका, फिलिप्स किंवा ओसराम, खोकं बघून, बिलासकट, कारण नकली खूप येतात. यांचेच जास्त उजेडाचे म्हणून बल्ब मिळतात, वॉट तेच, फिलामेंटची बांधणी वेगळी. ते चालतील, फक्त आयुष्य कमी असतं. निळसर काचेचे घेऊ नका. निळा रंग म्हणजे उजेडातलाच एक भाग गाळून टाकलेला.

बल्ब बसवताना त्याची चकती खाचांत पूर्ण बसली आणि स्प्रिंगची क्लिप लागली का, हे बघा. तिरका बसलेला बल्ब हा फोकस, म्हणजे झोताची दिशा, बिघडायचं सगळ्यांत फुकट कारण आहे. रबरी टोपीही परत घाला, ती नसली की आत पाणी जातं.

आता फोकस. सपाट जागा पाहिजे आणि समोर भिंत. जांबोटीत शाळेची किंवा गोदामाची भिंत बघा, घराच्या उतारावर करू नका. टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी, पेट्रोल अर्धी टाकी, ड्रायव्हरच्या सीटवर कोणी तरी बसलेलं. डॅशबोर्डवर झोत खाली घ्यायचं शून्य ते तीन असं छोटं चाक असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीला नाक लावून उभी करा, दोन्ही हेडलाइटच्या मधोमध भिंतीवर खडूनं खुणा करा, मग गाडी सरळ रेषेत ५ मीटर मागे घ्या. डिप्पर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल, उजवीकडे आडवी, डावीकडे किंचित वर चढलेली. ती डावीकडची चढण मुद्दाम दिलेली असते, कडेनं चालणारा माणूस आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. आडवी कड तुमच्या खडूच्या खुणेपेक्षा ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर उतार. काही गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली यासाठी टक्केवारी छापलेली असते. असेल तर ती पाळा, नसेल तर एक टक्का. एक हेडलाइट फडक्यानं झाकून दुसरी लावा, दोन्ही एकदम बघितल्या तर फसगत होते. मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावा-उजवा.

एका टक्क्याचा अर्थ असा की जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असलेल्या लाइटची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. कोणी घाबरून दोन टक्के खाली मारली तर ती ३२ मीटरवरच टेकते. सुक्या डांबरावर ताशी ६० ला ब्रेकवर पाय जाईपर्यंत २५ मीटर आणि थांबेपर्यंत आणखी २० मीटर, असे ४५ मीटर लागतात. म्हणजे फोकस फार खाली असलेली गाडी ६० ला सुद्धा स्वतःच्या उजेडात थांबू शकत नाही. आणि ८० ला हेच अंतर ६८ मीटरच्या आसपास जातं, म्हणजे फोकस अगदी बरोबर असला तरी नुसत्या डिप्परवर ८० हा जुगार. पाऊस असेल तर हिशोब आणखी वाईट. ‘लाइट कमी पडते’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा वेग जास्त असतो, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता येत नाही, इथं सांगतो.

ते शून्य ते तीनचं चाक बहुतेकांना ठाऊकच नसतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४० सेंटिमीटर धरा. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान बसलं, मागचं टोक ४ सेंटिमीटर दबलं, की गाडीचं नाक पावणेदोन टक्के वर उठतं. तुम्ही मेहनतीनं दिलेला एक टक्का उतार संपून झोत वर चढायला लागतो. गणपतीला घरची सगळी मंडळी भरून गावाकडे निघालेली प्रत्येक गाडी त्या रात्री समोरच्याला अप्परवर आहे असंच वाटते. चाक दोनवर किंवा तीनवर फिरवा आणि सामान उतरल्यावर परत शून्यावर आणा. मोटरसायकलींना असं चाक नसतं, मागे माणूस बसला की झोत वर. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची लाइट दिवसाही चालूच राहते, ते ठीक आहे. पण त्यात पांढरी एलईडी घालून रात्री डबलसीट येणारा पोरगा म्हणजे जांबोटी रोडवरचा सगळ्यांत अवघड प्राणी. तो मोटारीचा एकच दिवा आहे की मोटरसायकलचा, हेच आधी कळत नाही.

इथवर दुसरी तक्रार झाली. पहिलीसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या लाइटसाठी, दोन-तीन गोष्टी.

हायवेवर डिव्हायडरमधली झुडपं थोडं अडवतात, तुमच्या रस्त्याला तोही आधार नाही. समोरची लाइट लांबून दिसली की तेव्हाच वेग कमी करा, जवळ आल्यावर नाही. नजर समोरच्या लाइटवरून काढून डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, पट्टी नसेल तिथं डांबराच्या कडेवर. डोळे दिपले की सावरायला काही सेकंद जातात. ६० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर आंधळं चालवणं. आधी ४० वर आलात तर तेच ३३ होतात. एकदा अप्पर-डिप्पर करून आठवण द्यायला हरकत नाही. त्यानं नाही ऐकलं तर अप्पर धरून ठेवू नका. मग दोघांनाही दिसत नाही, आणि दोघं एकमेकांकडे ताशी सव्वाशेनं येताय. मागच्याची लाइट आरशात येत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी कळ ओढा, आरसा रात्रीचा होतो.

ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या मागचा नांगरणीचा पांढरा दिवा चालू राहिलेला असतो. लांबून वाटतं समोरून गाडी येतेय, आणि प्रत्यक्षात ट्रेलर तुमच्याच दिशेनं पुढे चाललेला असतो. त्या दिव्याच्या वर किंवा आजूबाजूला उसाच्या मोळ्यांची काळी सावली दिसतेय का बघा. ओळखीचा ट्रॅक्टरवाला असेल तर त्याला दिवा बंद करून ट्रेलरला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायला सांगा, पट्टीला फार पैसे पडत नाहीत.

रात्रीचे म्हणून विकतात ते पिवळे गॉगल घेऊ नका. समोरच्याचा उजेड थोडा कमी करतात, तसाच अंधारातला माणूसही कमी करतात. त्याऐवजी डोळे तपासून घ्या. वयानुसार डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ व्हायला लागतं, त्यात उजेड पसरतो आणि दिपल्यावर सावरायला वेळ जास्त लागतो. मोतीबिंदूची सुरुवात दिवसा वाचताना न जाणवता रात्री गाडी चालवताना आधी जाणवू शकते. मी डॉक्टर नव्हे, पण काच लख्ख, फोकस बरोबर, आणि तरी प्रत्येक लाइटभोवती वलय दिसतंय असं ५०-५५ च्या माणसानं सांगितलं की मी त्याला पैसे न घेता डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडतो. चष्मा असेल तर उजेड परतवू न देणारा कोट असलेली काच घ्या, आणि ती रोज पुसा.

धुक्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कणकुंबीच्या पुढे कधी जाल म्हणून लिहितो. धुक्यात अप्पर लावलं की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिप्परच ठेवायचं. पिवळी लाइट धुकं फोडते असं सगळे म्हणतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, जवळजवळ सारखाच विखुरतो. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो खाली बंपरमध्ये असल्यामुळे आणि त्याचा झोत आडवा, चपटा असल्यामुळे. म्हणून वर बॉनेटजवळ पिवळे दिवे लावून उपयोग नाही. आणि धुकं नसताना फॉग लॅम्प बंद.

तर क्रम असा ठेवा: या रविवारी काच आतून आणि हेडलाइट बाहेरून, मग मीटर लावून व्होल्टेज, मग गरज निघाली तर रिले, नवे बल्ब, आणि सगळ्यांत शेवटी फोकस. फोकस आधी करून मग बल्ब बदललात तर परत करावा लागतो. रिले बसवल्यावर इंजिन चालू ठेवून होल्डरवरचं व्होल्टेज मोजा आणि आकडा इथं लिहा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं, तर मेकॅनिकला दुसरं काही उघडू देण्याआधी अर्थचा स्क्रू दाखवायला सांगा. आणि बॅटरीवरच १४.५ च्या वर येत असेल तर बल्ब घेऊ नका, आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा) बघून घ्या, नाहीतर नवे बल्ब लवकर जातील.